वरचा दगड ज्या बाजूला

गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत कडुनिंबाचं झाड एकच आहे, पण माघ संपत आला की ते चार झाडांएवढं गळतं. सकाळी अंगण झाडून चहा टाकायला आत जावं आणि कप घेऊन बाहेर यावं, तर अंगण पुन्हा पिवळं. शेजारच्या वहिनी दरवर्षी ह्या दिवसांत झाड छाटून टाकायच्या गोष्टी करतात आणि दरवर्षी उन्हाळ्यात त्याच झाडाखाली आपली गाडी लावतात. मला ह्या पानांचा कधी राग आला नाही. पहिलं पिवळं पान पायरीवर पडलं की माळ्यावरच्या सॅक खाली काढायच्या, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. लोकांच्या घरी तेव्हा परीक्षांचं वारं असायचं, पोरांना दूध-बदाम असायचे; आमच्या घरात तंबूच्या खुंट्यांची शोधाशोध चालायची.

आता सॅक माळ्यावरच आहेत. पानं मात्र आपल्या वेळेला पडतात. यंदा मला त्यांचा राग येतो.

आम्ही म्हणजे मी आणि माझा नवरा, मिलिंद. तो वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होता, मी शाळेत मराठी शिकवायचे. दोघांनाही डोंगराचं वेड कुठून लागलं, हे आमच्या दोन्ही घरच्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. सासूबाई म्हणायच्या, "आमचा सगळा जन्म रानात लाकडं गोळा करण्यात गेला, आणि तुम्ही नोकऱ्या लागल्यावर हौसेनं रानात जाता, पाठीवर ओझं घेऊन!" त्यांचं चुकत नव्हतं. पण हौसेला मोल नसतं म्हणतात, तसं आमचं झालं होतं. वेरूळच्या मागच्या पठारावरून निघायचं, कन्नडच्या अंगानं गौताळ्याच्या जंगलात शिरायचं, आणि मग डोंगराची कड धरून चालत चालत अजिंठ्याला उतरायचं. डाव्या हाताला खाली खानदेश, उजव्या हाताला मराठवाडा, आणि मध्ये आम्ही दोघं, पाठीवर बिऱ्हाड. वनखात्याचा परवाना, भाकरी, ठेचा, गूळ, तांदूळ-डाळ आणि पाणी. पाणी सगळ्यात जड.

सगळी दुनिया पावसाळ्यात डोंगर चढते, धबधब्याखाली उभं राहून फोटो काढते. मिलिंदला तो डोंगर आवडायचा नाही. तो म्हणायचा, "हिरवा असला की सगळेच डोंगर सारखे दिसतात. पानं गळू दे, मग बघ कोणता कसा आहे ते." आणि खरंच, फाल्गुनाच्या तोंडावर ते जंगल अगदी उघडं पडतं. सलईचे पांढुरके बुंधे, त्यांची कागदासारखी सुटणारी साल. कुठंतरी एखादाच पळस पेटलेला, तोही पानाविना. सागाची पानं जेवणाच्या ताटाएवढी. ती वाळून खाली पडली की पाय टाकला रे टाकला की पापड मोडल्यासारखा आवाज. दोन माणसं चालली तरी वाटावं वरात चालली आहे. ह्या दिवसांत जंगलात चोरून काही करता येत नाही, असं मी म्हणायचे, आणि मिलिंद म्हणायचा, "तुला काय करायचंय चोरून?"

पण ह्याच पानांखाली वाट बुडते. पावसाळ्यात गवतात वाट निदान दबलेली दिसते. पानगळीत सगळं रान एकसारखं तांबूस होतं, आणि जिथं वाट फुटते तिथं माणूस हमखास भलतीकडे जातो. आम्ही पहिल्या वर्षी असे गेलो होतो आणि एका कड्याच्या टोकावर जाऊन उभे राहिलो होतो, पाण्याचा थेंब जवळ नसताना. तेव्हापासून मिलिंदनं उतरंडी रचायला सुरुवात केली.

उतरंड म्हणजे तीन दगड. खाली मोठा चपटा, त्यावर मधला, त्यावर लहान. घरात मडक्यांची असते तशी. पण ह्याच्या उतरंडीत एक मेख होती: सगळ्यात वरचा दगड मधोमध ठेवायचा नाही. तो ज्या बाजूला सरकवलेला असेल, त्या बाजूची वाट आपली. टूलरूमचा माणूस, हाताला इतकी सवय की नुसत्या अंगठ्यानं पत्र्याची जाडी सांगायचा. दगड असा बसवायचा की वरचा पडेल पडेल वाटावं आणि पडू नये. मी त्याला चिडवायचे, "उतरंडीला नसेना दाणा, पण दादला असावा पाटील राणा!" तो म्हणायचा, "पाटील कुठला आणतेस आमच्या घराण्यात?" आणि हसत पुढच्या फाट्याकडे चालू लागायचा.

वाटेवर आमचा एक नियम होता. पुढचा वाट बघतो, मागचा माणूस बघतो. पुढे कायम मिलिंद. मागून मी त्याची चाल बघायची. पाय ओढतोय का, खांदे पडलेत का, पाणी प्यायला किती वेळ झाला. मला वाटेशी काही देणंघेणं नव्हतं. इतकी वर्षं चालून मला ती वाट म्हणून माहीतच नव्हती. मला ती मिलिंदची पाठ म्हणून माहीत होती.

आणखी एक गोष्ट, जी मी कधी कुणाला सांगितली नाही. घरी मी त्याला "अहो" म्हणायचे. आमच्या पिढीतल्या बाया तसंच म्हणतात. पण डोंगरात पहिल्याच वर्षी मी मागं राहिले आणि "अहो, अहो" करून ओरडले, तर दरीतून फक्त "हो, हो" परत आलं. त्यानं थांबून मला ऐकवलं, "अहो म्हटल्यावर ह्या डोंगरात कोण ओ देणार? नाव घे की सरळ." तेव्हापासून डोंगरात तो मिलिंद, घरी अहो. वेरूळ मागं पडलं की मी "तू" वर यायचे आणि अजिंठ्याला एस.टी.त बसलं की पुन्हा "तुम्ही". आणि त्याची ओ अशी होती की दोन टेकड्यांपलीकडून यायची. "मिलिंद!" "ओऽऽ!" बस. मग मी निश्चिंत.

त्या उतरंडींतल्या बऱ्याचशा वर्षभरात पडायच्या. वानरं पाडायची, गुरं पाडायची, पावसात खालची माती जायची. दरवर्षी मिलिंद त्या पुन्हा उभ्या करायचा. फक्त एक कधी पडली नाही.

ती डोंगराच्या माथ्यावर, जिथं वाटेला दोन फाटे फुटतात तिथली. उजवीकडचा फाटा त्या कड्याकडे, डावीकडचा खाली पाण्याकडे. रचल्यानंतर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी आम्ही तिथं पोचलो, तर तिन्ही दगड शेंदरानं माखलेले. समोर फुटलेला नारळ. बाजूला मेंढरांचा तळ, आणि तळापाशी चुलीत फुंकर घालत बसलेली एक बाई. काशीबाई. तिचं कुटुंब दरसाल दिवाळीनंतर मेंढरं घेऊन त्या अंगाला यायचं. मिलिंद पाठीवरचं ओझंही न उतरवता तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"बाई, हा देव नाही. हे दगड मी रचलेत. वाटेची खूण आहे ती."

"व्हय का?" काशीबाई डोळ्यांतला धूर पुसत म्हणाली. "मंग आमची चुकलेली मेंढी हितंच कशी घावली?"

"वाटेवर आली असेल म्हणून."

"त्येच म्हणते मी. वाटंवर आणतो त्यो."

मला हसू आवरेना. आमच्या घरात देव्हारा नाही, हॉलमध्ये दोन तसबिरी आहेत, बस. मिलिंदच्या वडिलांनी धम्म घेतला तेव्हा घरातले सगळे टाक आणि दगड विहिरीत सोडले होते, आणि त्यांच्या मुलानं डोंगरात जाऊन एक नवा देव उभा केला होता! मिलिंद आधी तणतणला. मग थोडा वेळ बसून गार झाला आणि काशीबाईला म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा. पण वरचा दगड हलवू नका. कुणीतरी कड्यावर जाईल."

"देवाला कोण हलवतंय, दादा?"

पुढे चालताना तो स्वतःशीच हसत होता. "बरं झालं की. आता ही एक तरी पडायची नाही."

पुढं तो दरवर्षीचा खेळच होऊन बसला. काशीबाईनं लांबून हाक द्यायची, "आलं का देवाचं बाप!" मिलिंदनं चिडायचं, हे माझे दगड आहेत म्हणायचं, तिनं नाही म्हणायचं, आणि मग तिनं दिलेला बिनदुधाचा, गुळाचा चहा घेऊन आम्ही डाव्या हाताची वाट धरायची.

गेल्याच्या गेल्या वर्षी, पानगळीच्याही आधी, दिवाळीच्या सुमारास, मिलिंद दळण आणायला गेला आणि बराच वेळ आला नाही. ओळखीच्या एका रिक्षावाल्याला तो सूतगिरणी चौकात उभा दिसला, हातात पिठाचा डबा. कुठं जायचंय विचारलं तर म्हणाला, बघतोय. त्या आधीही काही काही होत होतं. माणसांची नावं जात होती, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारणं चाललं होतं. वय झालं, असं म्हणून मी ते झाडून टाकत होते. चौकातलं काही झाडता आलं नाही. डॉक्टर तरुण होते, खाली बघत बोलले. हळूहळू वाढत जाईल म्हणाले. आधी अलीकडचं जाईल, जुनं बरेच दिवस टिकेल.

आमची मुलगी प्रज्ञा पुण्याला असते. तिनं फोनवर आधी रडून घेतलं आणि मग कामाला लागली. घर विकून टाका, इकडे या, शेजारचा फ्लॅट रिकामा आहे, मी बघेन दोघांना. ती चांगल्यासाठीच सांगत होती. पण हे घर आम्ही दोघांनी विटेवर वीट ठेवून बांधलंय. मिलिंदनं ह्याच्या खिडक्यांचे गज स्वतः जोडलेत. आणि त्याला जे काही आठवतंय ते इथल्याच भिंतींना धरून आठवतंय, तिकडे नेल्यावर काय उरेल? मी तिला म्हणाले, बघू. तिनं विचारलं, बघू म्हणजे कधी? मी मनातल्या मनात ठरवलं, पानगळीनंतर.

मी मनाशी पैज लावली होती. वेड्यासारखी, पण लावली होती. त्याला मी त्या वाटेवर नेणार. त्याची स्वतःची वाट, त्यानं स्वतः खुणा केलेली. तो पुढे चालेल, मी मागं. जर त्यानं आपली वाट ओळखली, माथ्यावर काशीबाईशी भांडला, डावीकडे वळला, तर डॉक्टर काहीही म्हणोत, आम्ही आमच्या घरात राहू. नाही ओळखली, तर पुणे.

"आई, तू बाबांना घेऊन जंगलात जाणार? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" प्रज्ञा म्हणाली. नव्हतंच ठिकाणावर. शहागंजमधल्या बॅगा शिवणाऱ्या चाचांकडे मी मिलिंदच्या सॅकचा तुटलेला पट्टा शिवायला दिला, तेव्हा त्यांनी तो ओढून ओढून बघितला आणि म्हणाले, "भाभी, फिकर नक्को. हौर दस साल जाती ये." मला तेवढंही पुरलं. माणसाला आशा करायला निमित्त लागतं, ते पट्ट्याचंही चालतं.

त्या वाटचालीतला तो एकच दिवस मला आठवतो. आधीचे दिवस पठारावरून आणि गावांतून गेले, तिथं चुकायला जागाच नव्हती. त्या सकाळी आम्ही कोरड्या ओढ्याच्या काठावर तंबू आवरला. ऊन अजून पोचलं नव्हतं आणि दूर तांबट पक्ष्याचं टुकटुक चालू होतं. मिलिंदनं तंबूची घडी घातली ती नेहमीसारखी, कडेला कड लावून. मी बघत होते. मागचा माणूस बघतो. मी त्या दिवशी इतकं बघितलं की डोळे दुखले.

तो पुढे झाला. पानं वाजायला लागली. पहिल्या फाट्यावर तो थांबला, पायानं पानं बाजूला सारली, आणि खाली पडलेले तीन दगड सापडले. तो वाकला. मोठा, मधला, लहान. वरचा दगड उजवीकडे सरकवून त्यानं हात झटकले आणि उजवीकडे चालू लागला. पुढच्या फाट्यावरही तसंच. त्याच्या पुढच्याही. मी मागून मनात म्हणत होते, बघा डॉक्टर. या इकडे आणि बघा. मला तेव्हा गाणं म्हणावंसं वाटत होतं, आणि मी गाणं म्हणणारी बाई नाही.

चढ लागला. त्याची चाल चांगली होती, श्वास चांगला होता. एकदा त्यानं मागं न बघता विचारलं, "शोभा, प्रज्ञाची शाळा कधी सुरू होते गं?" प्रज्ञाचीच मुलगी आता शाळेत जाते. मी "जूनमध्ये" म्हणाले. पाय थांबू दिले नाहीत. हा घरचा विसर आहे, वाटेचा नाही, असं मी स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला काय काय समजावतो.

माथा दिसला. मेंढरांचा वास आधी आला, मग कुत्र्याचं भुंकणं, मग काशीबाईची हाक.

"आलं का देवाचं बाप! म्हणलं औंदा येत नाय का काय!"

मिलिंदनं हात वर केला. हसला. मी मागं उभी होते. शेंदूर आणखी जाड झाला होता, तिन्ही दगड एकजीव झाल्यासारखे, पण वरचा दगड तसाच डावीकडे. कुणी हलवला नव्हता. मिलिंद त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. मग खाली बसला. बराच वेळ बघत राहिला. काशीबाई पदरात हसू दाबून वाट बघत होती, आता भांडेल, आता भांडेल.

तो वळून तिला अगदी अदबीनं म्हणाला, "बाई, हे कुणी ठेवलं इथं?"

काशीबाई खळखळून हसली. तिला वाटलं, यंदा नवा डाव टाकलाय. "आमच्या सासऱ्याच्या बापानं! लई जुना हाय!"

"असं का," मिलिंद म्हणाला. "छान रचलेत."

हसता हसता ती थांबली. "दादा? औंदा भांडत नाय का? तुमचंच हाय म्हणता की दर साली."

"माझं?" त्याला खरोखर नवल वाटलं. "नाही हो बाई. आमच्यात दगडाला देव मानत नाहीत. माझे वडील होते ना, त्यांनी सगळे विहिरीत सोडले." तो उठला. हात जोडले नाहीत. आमच्यात जोडत नाहीत, हे त्याला पक्कं आठवत होतं. "तुमचं चालू द्या. तुमची श्रद्धा आहे."

काशीबाईनं माझ्याकडे बघितलं. तिला सगळं समजलं. तिनं चूल पेटवली, चहा ठेवला. तिला दुसरं काय करता येण्यासारखं होतं? चहा ओतताना मला म्हणाली, "ताई, कवापासनं?" मी म्हणाले, दिवाळीपासून. "माझा सासरा बी असाच झाला व्हता," ती म्हणाली. एवढंच. पुढं त्याचं काय झालं ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

वाईट ह्याचं वाटतं की बाकीच्या उतरंडी त्याला आठवल्या. ज्या दरवर्षी पडायच्या आणि ज्या त्याला दरवर्षी पुन्हा रचाव्या लागायच्या, त्या हाताला सापडल्या. जी कधी पडली नाही, जिला देवानं सांभाळलं, तीच गेली. देवानं सांभाळण्यापेक्षा वानरांनी पाडली असती तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं.

चहा झाल्यावर मिलिंदनं सॅक चढवली आणि चालू लागला. उजवीकडे. कड्याकडे.

"मिलिंद!"

"ओ!"

"डावीकडे."

तो थांबला. "तुला कसं ठाऊक?"

"देवानं सांगितलं," मी म्हणाले. तो पोट धरून हसला, जुना मिलिंद हसायचा तसा. मला हसता आलं नाही.

मग मी पुढे झाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि पुढं गेल्यावर कळलं की पुढच्याला माणूस दिसत नाही. समोर नुसती वाट, तीही पानांत बुडालेली, आणि माझ्या सगळ्या जन्माची सवय ती पाठ बघण्याची. मागून फक्त आवाज येत होता. माझी पावलं पानं मोडायची तो एक आवाज, आणि त्याच्यामागं थोड्या अंतरानं दुसरा. मी तो दुसरा आवाज धरून चालत राहिले. ऊन कलत गेलं, झाडांच्या काटक्यांच्या सावल्या जमिनीवर पसरल्या. एक वाळकं पान झाडावरून सुटून फांद्यांना आपटत आपटत खाली आलं, तेवढ्या शांततेत ते पडणंही मोठं वाटलं. मी मागं वळत नव्हते. आवाज आहे ना, मग आहे तो.

आणि मग आवाज थांबला.

मी वळले, तर वाटेच्या मधोमध तो खाली बसलेला. धावत गेले. तो दगड रचत होता. मोठा चपटा खाली, त्यावर मधला.

"इथं कशाला? इथं तर एकच वाट आहे."

"असू दे," तो म्हणाला. लहान दगड बोटांत फिरवत, बसेल ती कड शोधत. "परत येताना लागेल."

आम्ही त्या वाटेनं परत कधीच येत नव्हतो. आम्ही नेहमी अजिंठ्याला उतरायचो. पण मी त्याच्या बाजूला बसले आणि त्यानं दगड बसवला. कुठल्या बाजूला सरकवावा, ह्याचा विचार करत तो थांबला. मग त्यानं तो माझ्याकडे सरकवला.

अजिंठा त्या वर्षी राहिलाच. खालच्या गावात उतरलो, एस.टी. धरली. खिडकीतून डोंगर मागं जाताना मिलिंद शांत झोपला होता आणि मी पुण्याच्या फ्लॅटच्या खिडक्यांना कसे पडदे लागतील ह्याचा विचार करत होते. पैज मी हरले होते. हरल्यावर द्यायचं ते द्यायचं.

पण दिलं नाही, कारण घरी आल्यावर एक गोष्ट घडू लागली. बाथरूमच्या दाराशी एकदा मला काडेपेटीवर साबणाची वडी आणि त्यावर बटण सापडलं. मी उचलून जागच्या जागी ठेवलं. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या वळणावर बिस्किटांचा पुडा, त्यावर पेल्याचं झाकण, त्यावर लसणाची पाकळी. मला वाटलं, आता हेही सुरू झालं. मी आवरत होते, तो पुन्हा मांडत होता. मग एकदा लसणाची पाकळी मी उचलायला वाकले आणि बघितलं, ती मधोमध नव्हती. स्वयंपाकघराच्या बाजूला सरकवलेली होती. बाथरूमपाशी बटण बाथरूमच्या बाजूला होतं. मी तिथंच जमिनीवर बसले आणि भरपूर रडले.

तेव्हापासून मी काही उचलत नाही. फरशी पुसताना तेवढी जागा सोडून पुसते. आलेगेले बघतात, विचारत नाहीत. वहिनी एकदा विचारायला गेल्या, तर मी म्हणाले, आमच्याकडचे देव आहेत. प्रज्ञा आली तेव्हा तिनं एक उतरंड लाथाडली, चुकून, आणि मी तिच्यावर इतकी ओरडले की तिला कळेना काय झालं. समजावून सांगितल्यावर ती पुण्याचं नाव काढेनाशी झाली. पण जाताना दारात म्हणाली, "आई, आणि ज्या दिवशी बाबांना ह्याही कळणार नाहीत?" मी म्हणाले, त्या दिवशी तुला फोन करीन. तिला शब्द दिलाय.

मागच्या पावसाळ्यात एका दुपारी मला जाग आली, तर उशीशी एक उतरंड. माझ्या चष्म्याचं घर, त्यावर गोळ्यांची डबी, त्यावर बाटलीचं टोपण. टोपण माझ्या बाजूला. तेव्हापासून ती तिथंच आहे. गोळ्या दुसऱ्या डबीत काढून घेतल्या मी. चष्मा नुसता टेबलावर ठेवते.

काल दुपारी मी आडवी झाले होते, झोप नव्हती. अंगण सकाळपासून झाडलेलं नव्हतं. यंदा रोज झाडायचा हट्ट मी सोडलाय. खिडकीतून नुसता पानांचा वास येत होता, कडवट. मिलिंद खोलीत आला. उशीपाशी उभा राहिला. त्या उतरंडीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. तो चेहरा मी आधी बघितला होता. माथ्यावर.

"बाई," तो अदबीनं म्हणाला, "हे कुणी ठेवलं इथं?"

मी उठून बसले. त्यानं दोन बोटांनी वरचं टोपण धरलं आणि हलकेच सरकवून अगदी मधोमध आणलं. टूलरूमचा हात. एका केसाचा फरक नाही. आता ते कुठल्याच बाजूला दाखवत नव्हतं.

मग तो वळला आणि दाराकडे चालू लागला. फोन माझ्या हाताशी होता. प्रज्ञाला शब्द दिला होता. मी फोन उचलला, आणि त्याच्या पाठीकडे बघितलं. इतकी वर्षं बघितलेली पाठ.

"अहो," मी म्हणाले. तो थांबला नाही. "अहो, ऐकलं का?" दार ओलांडून तो हॉलमध्ये गेला. आणि मग माझ्या गळ्यातून ती हाक निघाली, घराच्या भिंतींना न शोभणारी, दोन टेकड्यांपलीकडची.

"मिलिंद!"

"ओऽऽ!"

तो थांबला होता. मागं वळला नव्हता, नुसता उभा होता. मी फोन खाली ठेवला. तो करायचा आहे, मला माहीत आहे. आज नाही तर उद्या करायचा आहे. मी उठले, हॉलमधून त्याच्या पुढे झाले, बाहेरचं दार उघडलं आणि म्हणाले, "चल."

कुठं, ते त्यानं विचारलं नाही. मी पायऱ्या उतरून न झाडलेल्या अंगणात पाय टाकला आणि मागं न बघता फाटकाकडे चालू लागले. थोडा वेळ नुसती माझीच पावलं. मग मागं पानं वाजली.